कोंबड्यांच्या साथीतून निघालेला प्रश्न
लठ्ठपणा आणि पोटातील सूक्ष्मजीव

परभणी, पाथरी किंवा गंगाखेडच्या कोणत्याही शाळेत जा. प्रत्येक वर्गात एखादा मुलगा किंवा मुलगी इतरांपेक्षा अंगाने भरलेली असते. मधल्या सुट्टीत डबे उघडले, की त्या मुलाच्या डब्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते. 'जाड्या', 'ढब्ब्या' ही नावे मुलेच ठेवतात, पण त्यामागचा निवाडा मोठ्यांनीच दिलेला असतो : हा जास्त खातो आणि कमी हलतो, म्हणून जाड झाला. शेजारच्या बाकावर मात्र त्याच्याइतकेच, कदाचित जास्तच जेवणारा पण काडीसारखा मुलगा बसलेला असतो. त्याच्याबद्दल आपण म्हणतो, 'याच्या अंगी लागत नाही.'

'अंगी लागणे' हा आपल्या बोलीतला शब्दप्रयोग मोठा मार्मिक आहे. ताटातले अन्न आणि अंगी लागलेले अन्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यात गृहीत धरलेले आहे. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम कोणालाच चुकलेला नाही. जितकी ऊर्जा शरीरात येते आणि खर्च होत नाही, तितकी ती साठते, बहुतांशी मेदाच्या रूपाने. पण ताटातील ऊर्जेपैकी किती आत यायची, किती जाळायची आणि किती साठवायची, हे कोण ठरवते? या प्रश्नाच्या उत्तरात सूक्ष्मजीवांचेही नाव येते, ही कल्पना चार दशकांपूर्वी कोणी मनावर घेतली नसती. ती मनावर घेणाऱ्या पहिल्या काही लोकांत मुंबईचे एक तरुण डॉक्टर होते. त्यांच्या कामापासून आपण सुरुवात करू या.

मुंबईतील मेलेल्या कोंबड्या

1980 च्या दशकात मुंबई परिसरातील कुक्कुटपालन केंद्रांवर एक साथ आली आणि हजारो कोंबड्या मेल्या. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. एस. एम. अजिंक्य यांनी या कोंबड्यांची तपासणी केली. साथीमागे एक अॅडिनोविषाणू असल्याचे त्यांना आढळले. त्या विषाणूला अजिंक्य यांच्याच आद्याक्षरांवरून 'एसएमएएम-1' हे नाव मिळाले.

डॉ. निखिल धुरंधर हे त्या काळी मुंबईत लठ्ठपणावर उपचार करीत असत. त्यांचे वडीलही याच क्षेत्रातले डॉक्टर होते. अजिंक्य हे धुरंधर कुटुंबाचे स्नेही. गप्पांच्या ओघात अजिंक्यांनी मेलेल्या कोंबड्यांचे वर्णन केले : यकृत मोठे व फिकट, थायमस ग्रंथी आकसलेली आणि पोटात भरपूर चरबी. शेवटच्या शब्दाशी धुरंधर थबकले. रोगाने प्राणी रोडावतो, हाडे वर येतात, हे सर्वांना माहीत आहे. विषाणूने मेलेल्या कोंबडीच्या पोटात चरबी वाढलेली कशी असेल?

पुष्कळांनी हे निरीक्षण ऐकून सोडून दिले असते. धुरंधरांनी त्याचा प्रयोग केला. निरोगी कोंबड्यांचे दोन गट केले. एका गटाला विषाणूची लागण केली, दुसऱ्याला केली नाही. दोन्ही गटांना सारखेच खाद्य दिले. काही आठवड्यांनी पाहिले, तेव्हा लागण झालेल्या कोंबड्यांच्या अंगावर अधिक चरबी होती. त्याहून विचित्र गोष्ट म्हणजे त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड यांचे प्रमाण मात्र कमी होते. सामान्यतः चरबी वाढली, की हे दोन्ही घटक वाढलेले दिसतात. हा प्रयोग 1992 साली पशुवैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

माणसाकडे वळताना

पक्ष्यांत दिसले ते माणसांतही असेल का? माणसाला मुद्दाम लागण करून पाहणे हा अपराधच ठरेल. त्यामुळे अप्रत्यक्ष पुरावा शोधावा लागतो. एखाद्या विषाणूची लागण होऊन गेली, की रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे उरतात. चोर निघून गेला तरी त्याच्या पावलांचे ठसे राहावेत, तसे. मुंबईतील 52 लठ्ठ व्यक्तींचे रक्त तपासले, तेव्हा 10 जणांत एसएमएएम-1 विरुद्धची प्रतिपिंडे सापडली. हे दहाजण उरलेल्या 42 जणांपेक्षा वजनाने जास्त होते आणि त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड कमी होते. म्हणजे कोंबड्यांत दिसलेले तेच विचित्र चित्र. हे निष्कर्ष 1997 साली प्रसिद्ध झाले.

येथे शिक्षकांनी वर्गाला थांबवून एक प्रश्न विचारावा : यावरून विषाणूमुळे ही माणसे लठ्ठ झाली, असे सिद्ध होते का? होत नाही. कदाचित लठ्ठ माणसाला ही लागण अधिक सहज होत असेल. कदाचित तिसरेच काही कारण दोन्हींच्या मुळाशी असेल. दोन गोष्टी एकत्र आढळणे आणि एकीमुळे दुसरी घडणे, यांत अंतर आहे. कोंबड्यांच्या प्रयोगात ते अंतर ओलांडले गेले होते, कारण तेथे कोणाला लागण करायची हे प्रयोगकर्त्याने ठरवले होते. माणसांच्या पाहणीत तसे नव्हते.

पुढच्या कामासाठी धुरंधर 1992 च्या सुमारास अमेरिकेला गेले आणि विस्कॉन्सिन विद्यापीठात डॉ. रिचर्ड अॅटकिन्सन यांच्याबरोबर काम करू लागले. कोंबड्यांचा हा विषाणू अमेरिकेत आणण्यास तेथील शेती खात्याने परवानगी दिली नाही. कोंबड्यांच्या रोगाचा विषाणू कोणता देश आपण होऊन आत घेईल? तेव्हा त्यांनी माणसांत आढळणाऱ्या अॅडिनोविषाणूंपैकी एक, 'एडी-36', निवडला. 2000 साली त्यांनी दाखवून दिले, की हा विषाणू टोचल्यास कोंबड्या आणि उंदीर यांच्यातील मेद वाढतो. 2005 सालच्या पाहणीत अमेरिकेतील लठ्ठ व्यक्तींपैकी 30 टक्के आणि लठ्ठ नसलेल्यांपैकी 11 टक्के लोकांत या विषाणूची प्रतिपिंडे आढळली. संसर्गातून येणाऱ्या लठ्ठपणासाठी धुरंधरांनी 'इन्फेक्टोबेसिटी' असा जोडशब्दही घडवला. मात्र हॉलंड व बेल्जियममधील पाहणीत असा संबंध दिसला नाही. म्हणून आज एवढेच म्हणता येते : प्राण्यांत परिणाम स्पष्ट आहे, माणसांत पुरावा आहे पण एकमुखी नाही.

पाहुणा आणि रहिवासी

विषाणू हा पाहुणा असतो. येतो, चार दिवस राहतो, जातो. आपल्या शरीरात कायम वस्तीला असलेले सूक्ष्मजीव वेगळेच आहेत. पाहुण्याने इतका फरक पडत असेल, तर रहिवाशांमुळे किती पडत असेल?

हे रहिवासी म्हणजे मुख्यतः आपल्या पचनमार्गातील जीवाणू. 'पोटातले जीवाणू' असे आपण म्हणतो, पण जठरात तीव्र आम्ल असल्यामुळे तेथे त्यांची संख्या फार थोडी असते. खरी दाट वस्ती मोठ्या आतड्यात असते. त्यांची एकूण संख्या अब्जावधींच्या हजारोपटीत, म्हणजे ढोबळमानाने आपल्या शरीरातील पेशींच्या संख्येइतकी भरते.

त्यांचा वाढीशी संबंध असावा, याची पहिली ठळक चाहूलही कोंबड्यांनीच दिली होती. 1940 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टाड हे कोंबड्यांच्या पिलांना निरनिराळी खाद्ये देऊन पाहत होते. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक तयार झाल्यावर उरलेला चोथा खाणारी पिले झपाट्याने वाढू लागली. आधी वाटले, की हे चोथ्यातील ब-12 जीवनसत्त्वामुळे असेल. मग कळले, की चोथ्यात राहिलेल्या प्रतिजैविकाच्या अत्यल्प मात्रेचाही हा परिणाम आहे. त्यानंतर जगभर कोंबड्या, डुकरे आणि वासरे यांच्या खाद्यात प्रतिजैविके मिसळली जाऊ लागली.

पण रोग मारणारे औषध निरोगी पिलाचे वजन का वाढवते? 1963 साली इंग्लंडमधील संशोधकांनी पेनिसिलीनचा प्रयोग शरीरात एकही जीवाणू नसलेल्या पिलांवर केला. त्यांची वाढ औषधाने वेगाने झाली नाही. म्हणजे औषध पिलावर थेट काम करीत नव्हते. ते पोटातील जीवाणूंची वस्ती बदलत होते आणि त्या बदलातून वाढ होत होती. (या प्रथेची किंमत जगाने वेगळ्या रीतीने मोजली. औषधांना न जुमानणारे जीवाणू बळावले. युरोपीय संघाने 2006 पासून वाढीसाठी प्रतिजैविके वापरण्यावर बंदी घातली. भारतात 2019 साली कोलिस्टिन हे औषध पशुखाद्यात वापरण्यास मनाई झाली.)

जीवाणूविरहित उंदीर

अमेरिकेतील सेंट लुई येथे डॉ. जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेने 2004 साली याच धर्तीचा प्रयोग उंदरांवर केला. जन्मापासून निर्जंतुक कोषात वाढवलेल्या उंदरांची तुलना त्यांनी साध्या उंदरांशी केली. साधे उंदीर 29 टक्के कमी खात होते, तरीही त्यांच्या अंगावर 42 टक्के अधिक मेद होता. मग जीवाणूविरहित उंदरांना साध्या उंदरांच्या आतड्यातील जीवाणू दिले. अवघ्या चौदा दिवसांत त्यांचा मेद 60 टक्क्यांनी वाढला, आणि तेही त्यांचे खाणे कमी झालेले असताना. 'अंगी लागणे' म्हणजे काय, हे याहून स्पष्ट कोणी दाखवले नसेल.

2006 साली याच गटाने आणखी एक पाऊल टाकले. जनुकीय कारणाने लठ्ठ असलेल्या उंदरांचे जीवाणू काही जीवाणूविरहित उंदरांत सोडले आणि सडपातळ उंदरांचे इतर काहींत. दोन आठवड्यांत पहिल्या गटाचा मेद सरासरी 47 टक्क्यांनी वाढला, दुसऱ्याचा 27 टक्क्यांनी. जीवाणूंबरोबर लठ्ठपणाचा काही अंशही स्थलांतरित झाला होता.

हे घडते कसे? परभणीच्या विद्यार्थ्याला यासाठी गोबरगॅसच्या संयंत्राकडे बोट दाखवावे. शेणातील जे तंतू गाईला पचले नाहीत, त्यांच्यापासून संयंत्रातील जीवाणू हवेवाचून आंबवण्याच्या क्रियेने आम्ले बनवतात. मग दुसऱ्या प्रकारचे सूक्ष्मजीव त्यांतून मिथेन वायू बनवतात. आपल्या मोठ्या आतड्यातही हेच चालते. कोंडा, डाळींची साले, भाज्यांतील तंतू हे आपल्या पाचकरसांना न पचणारे पदार्थ जीवाणू आंबवतात. त्यांतून अॅसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही लहान रेणूंची आम्ले तयार होतात. ती आतड्यातून रक्तात जातात आणि शरीराला इंधन म्हणून मिळतात. माणसाला रोज लागणाऱ्या ऊर्जेचा सुमारे दहावा भाग अशा रीतीने मिळू शकतो. शिवाय मेद साठवण्याचे आदेश देणाऱ्या शरीरातील काही रासायनिक संदेशांवरही जीवाणूंचा प्रभाव पडतो, असे उंदरांत दिसले आहे.

फरक थोडा वाटला तरी गणित करून पाहावे. रोज फक्त 20 कॅलरी जास्त आत आल्या आणि खर्च झाल्या नाहीत, तर वर्षाला 7,300 कॅलरी होतात. एक किलो मेदात साधारण 7,700 कॅलरी असतात. प्रत्यक्षात वजन वाढले की शरीराचा खर्चही वाढतो, त्यामुळे हे गणित वर्षानुवर्षे सरळ चालत नाही. पण छोट्या फरकाला हसू नये, एवढे ते नक्की शिकवते.

पुण्यातील पाहणी

अमेरिकेतील सुरुवातीच्या निष्कर्षांवरून एक सोपे सूत्र जगभर पसरले : लठ्ठ माणसांत 'फर्मिक्यूट्स' या गटातील जीवाणू जास्त आणि 'बॅक्टेरॉइडेट्स' गटातील कमी असतात. पण पोटातील वस्ती आहारावर अवलंबून असते. भाकरी, वरण आणि भात खाणाऱ्यांना हे सूत्र लागू पडेल का?

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ व शल्यचिकित्सक यांच्या साथीने, हे तपासले. कृश, सामान्य, लठ्ठ आणि लठ्ठपणावर शस्त्रक्रिया झालेले, अशा चार गटांतील भारतीय व्यक्तींच्या मलातील सूक्ष्मजीव त्यांनी जनुकांच्या आधारे ओळखले. निष्कर्ष 2012 साली प्रसिद्ध झाले. दोन मोठ्या गटांच्या प्रमाणात त्यांना कोणताही ठळक कल दिसला नाही. उलट, ज्या गटातील जीवाणू लठ्ठ माणसांत कमी असायला हवे होते, त्याच गटातील 'बॅक्टेरॉइड्स' ही प्रजाती भारतीय लठ्ठ व्यक्तींत अधिक आढळली. मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव ज्यांत मोडतात ते 'आर्किया' आणि वर सांगितलेली लहान आम्ले यांचेही प्रमाण या गटात जास्त होते. शस्त्रक्रिया झालेल्यांत ही तिन्ही प्रमाणे तुलनेने कमी होती.

मिथेनवाल्यांचे महत्त्व गोबरगॅसच्या उदाहरणावरून कळेल. आंबवण्याच्या क्रियेत हायड्रोजन साचला, की क्रिया मंदावते. मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव हा हायड्रोजन वापरून टाकतात आणि भट्टी पेटती ठेवतात. लठ्ठ व्यक्तींत ही भट्टी अधिक जोमाने चालत असावी, असा तर्क करता येतो. पण प्रत्येक गटात पाचच व्यक्ती होत्या, आणि आणखी संशोधन आवश्यक आहे असे या शास्त्रज्ञांनी स्वतःच लिहून ठेवले. आम्हांला हा प्रबंध याच कारणासाठी मोलाचा वाटतो. परदेशी सूत्र आपल्याकडे तसेच्या तसे लावू नये, हे त्याने दाखवले आणि स्वतःच्या निष्कर्षांनाही मर्यादा घातली.

ही सावधगिरी पुढे योग्य ठरली. 2016 साली अनेक अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहण्यात आली, तेव्हा माणसांतील लठ्ठपणा आणि जीवाणूंची रचना यांच्यातला संबंध बराच क्षीण निघाला. सडपातळ व्यक्तींचे जीवाणू लठ्ठ रुग्णांना देण्याच्या चाचण्याही झाल्या. त्यांत वजनात म्हणण्यासारखी घट झाली नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे.

भाकरीचा हिस्सा

मग हाती काय उरले? 2013 सालच्या एका प्रयोगात याचे उत्तर सापडते. गॉर्डन यांच्या गटाने एक लठ्ठ व एक सडपातळ अशा जुळ्या बहिणींचे जीवाणू वेगवेगळ्या जीवाणूविरहित उंदरांना दिले. लठ्ठ बहिणीचे जीवाणू मिळालेले उंदीर अधिक मेदयुक्त झाले. मग दोन्ही प्रकारचे उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यामुळे जीवाणूंची देवाणघेवाण होते. सडपातळ बहिणीकडचे जीवाणू दुसऱ्या उंदरांच्या पोटात जाऊन रुजले आणि त्यांचे लठ्ठ होणे थांबले. पण हे कमी चरबीचे, भरपूर तंतूंचे खाद्य दिले तेव्हाच घडले. चरबीयुक्त, भाजीफळांचा अंश नसलेले खाद्य दिल्यावर ते जीवाणू रुजलेच नाहीत. बियाणे चांगले असले तरी जमीन तयार नसेल तर उगवत नाही, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

येथे परभणीच्या ज्वारीची आठवण होणे साहजिक आहे. येथील कृषी विद्यापीठाने 'परभणी मोती'सारखे वाण दिले, आणि 2018 साली लोह व जस्त अधिक असलेला 'परभणी शक्ती' हा वाण आला. ज्वारीच्या भाकरीतील तंतू आणि तिच्या पिठूळ भागाचा काही अंश लहान आतड्यात न पचता पुढे जातो व जीवाणूंचे अन्न होतो. शिजलेले पिठूळ अन्न थंड झाले, की न पचणारा हा अंश थोडा वाढतो. शिळ्या भाकरीच्या काल्याला हसणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. ज्वारी खाऊन लठ्ठपणा जातो, असे मात्र कोणी सिद्ध केलेले नाही. भाकरीच्या जागी मैद्याची बिस्किटे, पाव आणि तळलेल्या पाकिटांतील खाऊ आला, की जीवाणूंच्या वाट्याचे अन्न घटते, इतके निश्चित आहे. 'चांगल्या जीवाणूंनी वजन घटवा' म्हणणाऱ्या गोळ्या आणि पेयांच्या जाहिरातींना वर दिलेला पुरावा पुरत नाही, हेही मुलांना सांगावे.

महाराष्ट्रात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सुमारे एक पंचमांश स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश आणि एक चतुर्थांशाच्या जवळपास स्त्रिया प्रमाणापेक्षा स्थूल आहेत. ही दोन्ही टोके एकाच गावात, कधी एकाच घरात असतात. त्यामुळे हा प्रश्न फक्त शहरातील श्रीमंतांचा राहिलेला नाही. आपल्या वर्गातही तो बसलेला आहे.

त्या वर्गातील भरलेल्या अंगाच्या मुलाकडे आता पुन्हा पाहू या. त्याचे वजन वाढण्यामागे अनुवंश असेल, घरचे जेवण असेल, खेळाच्या मैदानाचा अभाव असेल, पोटातील जीवाणूंचा काही हिस्सा असेल. यांपैकी कोणती गोष्ट किती, हे आज त्याच्याकडे नुसते पाहून कोणताही शास्त्रज्ञ सांगू शकत नाही. मग ते वर्गातील मुलांनी किंवा गुरुजींनी कसे सांगावे? त्याला मैदानावर इतरांबरोबर घ्यावे, सर्वांच्याच डब्यांत भाकरी, उसळ, भाजी असावी म्हणून आग्रह धरावा, आणि 'खादाड' हा शब्द वर्गाबाहेर ठेवावा. मेलेल्या कोंबडीच्या पोटातील चरबी पाहून धुरंधरांनी 'असे का?' म्हणून विचारले, तेथून हा सारा शोध सुरू झाला. तोच प्रश्न आपण निवाडा देण्याआधी विचारावा.